तात्यांचा ठोकळा

चपला बाहेर काढा आणि मगच आत या. तात्यांचा तेरावा कालच झाला, पण सुतारमेटात चपला घालून यायचं नाही हा त्यांचा नियम अजून आम्ही मोडलेला नाही.

२०२२ चा आषाढ आहे. पत्र्यावर पाऊस वाजतोय. कराडच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठच्या एका गावात, गावंदरीच्या कडेला हे छप्पर आहे. आत शिरल्याबरोबर वास येतो: जुन्या बाभळीच्या भुश्शाचा आणि एरंडेलाचा. भिंतीवर खुंट्यांना करवती लटकल्यात. फळीवर पटाशा लहानापासून मोठीपर्यंत ओळीनं लावल्यात. रंधे, गुण्या, खतावणी, भोकं पाडायचा सामता आणि त्याची दोरीची कमान. वाकस कोपऱ्यात टेकवलेला आहे, त्याचा दांडा हाताळून हाताळून काळा झालाय.

पण तुम्ही खाली बघा. मधोमध जमिनीत पुरलेला चिंचेचा ठोकळा आहे. त्याच्या माथ्यावर एक खड्डा पडलाय, चांगल्या काटवटीएवढा. सुतार लाकूड ठोकळ्यावर ठेवतो, पायानं दाबतो आणि वाकसानं तासतो. घाव लाकडावरच पडतो, पण शेवटचा कपचा सुटताना पातं खाली किंचित टेकतं. प्रत्येक घावाला ठोकळ्याचा जोंधळ्याच्या दाण्याएवढासुद्धा तुकडा जात नाही. हा खड्डा असा पडलेला आहे.

मी त्यांची नात. मला वाकस कधी हातात मिळाला नाही, मुलीच्या जातीला तो देत नसत. गेरूत भिजवलेल्या सुताचं एक टोक मात्र धरायला मिळायचं. तात्या दुसरं टोक ताणून मधे टिचकी मारायचे आणि लाकडावर लालभडक सरळ रेघ उमटायची. त्या रेघेच्या बळावर मी तुम्हाला आज इथं घेऊन आलेय.

दाखवण्यासारखं मात्र माझ्याकडं काही नाही. पाथरवटानं घडवलेली पायरी देवळापुढं राहते, तांबटाची घागर तीन पिढ्या टिकते. सुतारानं केलेला कुळव दहा वर्षं रान ओढतो आणि अकराव्या वर्षी चुलीत जातो. तात्यांनी सगळ्या पंचक्रोशीचे कुळव, पाभरी, मोटेची चाकं आणि गाड्या केल्या. आज त्यातली एकही गाडी गावात उभी नाही. त्यांचं काम बघायचं असेल तर ते जिथं चाललं होतं तिथंच जावं लागेल. म्हणून गुडघे टेकून बसा आणि हात त्या खड्ड्यात ठेवा.

डिसेंबर २०२१. थंडी आहे. बैलगाडा शर्यतींवर २०१४ पासून बंदी होती, आणि सर्वोच्च न्यायालयानं अटी घालून त्यांना परवानगी दिल्याला चार दिवस झालेत. गावातली तीन पोरं मोटारसायकलवरून उतरतात. एकाच्या काखेत लाकडाचा तुकडा आहे. तात्या खाटेवर घोंगडं पांघरून बसलेत. चौऱ्याण्णव वर्षांचे आहेत. पाय खाली सोडलेत, डाव्या अंगठ्याचं पुढचं टोक नाही.

"तात्या, छकडा करून पायजे. तुम्ही नुसतं बसून सांगा, आमी करतो."

तात्या तुकडा घेतात. नखानं दाबतात, कानाशी धरतात, बोटाच्या पेरानं वाजवतात. तुम्हीही कान द्या. आवाज बद्द येतोय.

"वला हाय ह्यो. उन्हाळ्यापातूर थांबा."

"शर्यत म्हैन्यावर आलीया, तात्या."

"मग माझ्याकडं नगा करू."

पोरं पाया पडून जातात. पुढं त्यांनी लोखंडी पाइपाचा छकडा वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला आणि तो पळालाही. तात्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. ओल्या लाकडाला हो म्हटलं असतं तर मात्र त्यांना झोप लागली नसती.

यामागची जवळपास पन्नास वर्षं मी तुम्हाला भरभर नेते. ट्रॅक्टर आला, साखर कारखान्याच्या ऊसवाहतुकीला टायरच्या गाड्या आल्या, दाराखिडक्यांना प्लायवूड आलं. विहिरींवर आधी इंजिन आणि मग विजेची मोटर बसल्यावर मोटेची चाकं माळ्यावर गेली. बलुतं बंद पडलं. थोरला मुलगा कोल्हापूरला फौंड्रीत पॅटर्नमेकर झाला. बिडाचा भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना लागतो, तो करणारे हात सुताराचेच. तात्या एकदा त्याचं काम बघायला गेले, नमुन्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बरं हाय." त्यांच्या तोंडून एवढं ऐकायला आम्ही जन्मभर धडपडलो आहोत.

त्या पडत्या काळातही एक काम थांबलं नाही. गावात कुणाच्या घरी पहिलं मूल झालं की तात्या न सांगता पांगुळगाडा करायचे. तीन चाकं, एक आडवी दांडी, कडा मुलाला बोचू नयेत म्हणून काचेच्या तुकड्यानं तासलेल्या. निम्मं गाव त्या दांडीला धरून उभं राहायला शिकलं. मीही.

थांबा. हाताखालचा खड्डा आता उथळ झालाय, ताटलीएवढा. १९७२ साल आहे.

पाऊस आलाच नाही. नदीकाठ म्हणून आपल्याकडं अजून थोडा ओलावा आहे. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जतकडं माणसं घरदार लावून दुष्काळी कामांवर गेलीत. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, आणि सगळीकडं खडी फोडणं. खडी फोडायला हातोडा लागतो, आणि हातोड्याचा दांडा दगडावर किती दिवस टिकणार?

तात्या पंचेचाळिशीचे आहेत. बांधावरच्या स्वतःच्या दोन बाभळी त्यांनी तोडल्यात. तुम्ही समोर बसा आणि करवतीची दुसरी मूठ धरा. ओढायचं तेवढं ओढा, ढकलू नका, परत ओढायचं काम समोरच्याचं असतं. ढलप्या निघतात, ढलप्यांचे दांडे होतात. जरा निरखून बघा, दांडा गोल नाही, लांबट आहे. गोल दांडा हातात फिरतो, मग हातोड्याचं तोंड कुठं वळलंय ते कळत नाही. लांबट दांडा असला की अंधारातही मूठ बरोबर बसते. टोकाला चीर द्यायची, लोखंडात घालायचं आणि चिरेत पाचर ठोकायची. मग फुटक्या बाटलीच्या काचेनं घासायचा. शेवटी तात्या तो स्वतःच्या गालावरून फिरवतात. कुठं कूस राहिली असेल तर गालाला आधी कळते.

बाजूला दोन ढीग पडताहेत. एका ढिगातले दांडे दुसऱ्यापेक्षा बोटभर बारीक आहेत.

"हे बारीक कशाला?" तुम्ही विचारता.

"बायकांचं हायेत. त्यांची मूठ ल्हान असती. जाड दांड्यानं तळहाताला फोड येत्यात."

मुकादमानं हे मागितलं नव्हतं. त्याला दांड्याची संख्या हवी होती. मी दुष्काळावरचं पुष्कळ वाचलंय, सुकडीबद्दल, मिलोच्या लालसर भाकरीबद्दल, त्यातूनच उभ्या राहिलेल्या रोजगार हमीबद्दल. बायकांच्या मुठीच्या मापाचा दांडा कुठंच वाचला नाही. म्हणून तो इथं लिहून ठेवते.

११ डिसेंबर १९६७, पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. तुम्ही जागे होता ते जमिनीच्या आवाजानं. फळीवरच्या पटाशा एकावर एक आपटतात. बाहेर सगळं गाव उघड्यावर आलंय, कुत्री रडताहेत, कुणाची तरी भिंत बसल्याचा दणका ऐकू येतो. धरणाकडं, कोयनानगरला, घरंच्या घरं जमीनदोस्त झाल्याचं दिवस वर आल्यावर कळतं.

चौथ्या दिवशी तात्या हत्यारांची पिशवी खांद्याला लावून पाटण खोऱ्यात जातात. तुम्ही मागं चालत राहा, ते काही बोलणार नाहीत. एका पडलेल्या घरापाशी मात्र ते बराच वेळ उभे राहतात. दगडमातीच्या चारही भिंती बाहेरच्या अंगाला कोसळल्यात, आणि मधे खांब, तुळया आणि वरचं आढं जसंच्या तसं उभं आहे, भोवतालचं मांस गळून हाडं उरावीत तसं. तात्या खांबाजवळ जाऊन सांधा चाचपतात. खांबाच्या माथ्यावर कुसू काढून ते तुळईच्या भोकात बसवलंय, आत लाकडाची मेख आहे. शेजारच्या घरात खांबावर तुळई नुसती टेकवलेली होती. ते घर आडवं झालंय.

तिथं ते पावसाळा तोंडावर येईपर्यंत राहिले. त्यानंतर घराचं काम घेताना त्यांची एकच अट असे: कुसवाचा सांधा करू द्यायचा, वेळ लागला तरी. घाई असलेल्या माणसाचं घर त्यांनी कधी बांधलं नाही.

खड्डा वाटीएवढा झाला. १९५७, फाल्गुन. आता इथं आपण बसू, कारण मला सगळ्यात जास्त याच काळात यावंसं वाटतं.

खळ्यावर शाळूची रास पडलीय. वारं सुटलंय, भूस पायात येतंय. तात्या तीस वर्षांचे, पिळदार, डोक्याला मुंडासं. खांद्यावर घोंगडं टाकून ते खळ्याच्या कडेला उभे आहेत, मागायला नाही, घ्यायला. वर्षभर औतं नीट ठेवायची, मोडलं तर रात्री-अपरात्री जोडून द्यायचं, आणि सुगीला औतामागं ठरलेल्या पायल्या आणि पेंढ्या न्यायच्या. सुतार थोरल्या ओळीचा बलुतेदार. मालक पायली भरतो. मोजताना ती शिगोशीग भरली की सपाट, यावरून वर्षभराचं नातं कळतं. आज सपाट भरतोय. तात्या बघतात, बोलत नाहीत.

खळ्याच्या एका कोपऱ्यात दरवर्षी महारवाड्यातली माणसं लांब अंतर राखून उभी असत, त्यांच्याही वाट्याला बलुतं होतं, पण त्यासाठी करावी लागणारी कामं आणि सोसावा लागणारा अपमान तात्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता. आज तो कोपरा मोकळा आहे. गेल्या ऑक्टोबरात, १४ तारखेला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि डिसेंबरात ते गेले. आपल्या गावातल्या माणसांनी ठरवलं, बलुतं मागायचं नाही आणि मेलेलं ढोर ओढायचं नाही. मालक चिडून बडबडतोय. तात्या त्या मोकळ्या कोपऱ्याकडं पाहतात.

म्हातारपणी ते मला म्हणाले होते, "त्येंनी सोडलं ते बरं केलं. माझ्यानं लौकर सोडवंना. मला पोतं दिसायचं." बलुतेदारीच्या आठवणी काढताना आपल्याकडं गळा भरून येतो, गावगाडा कसा एकोप्यानं चालायचा वगैरे. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं त्यानंतर तरी तसं बोलताना जीभ अडखळायला हवी. माझ्या आजोबांना ज्या पोत्यानं जगवलं त्याच पोत्याच्या दोरीनं दुसऱ्या कुणाला बांधून ठेवलं होतं. दोन्ही खरं आहे आणि मी दोन्ही लिहिणार.

आता आणखी वर्षभर मागं, १९५६ चा चैत्र. यात्रा आठ दिवसांवर आलीय आणि आज चाकांवर धाव चढवायचीय. नदीकाठच्या मोकळ्या जागेवर चला.

चाक पहिल्यांदा नीट बघून घ्या. मधे तुंबा, त्यात ठोकलेले बारा आरे, आणि आऱ्यांच्या टोकांवर बसवलेल्या वाकड्या तुकड्यांचं कडं. सगळी बाभूळ. ही बाभूळ दोन वर्षांपूर्वी तोडली, सहा महिने ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवली म्हणजे आतला रस निघून जातो आणि किडा लागत नाही, मग सावलीत सुकवली. यात एक खिळा नाही. हातानं हलवलं तर सांधे किंचित खुळखुळतात. तुम्हाला वाटेल काम कच्चं राहिलंय. तात्यांनी ती जागा ठेवलेली आहे.

लोहारकाकांनी लोखंडी पट्टीची धाव करून आणलीय. दोरीनं चाकाचा घेर मोजला, धावेचा मोजला. धाव चाकापेक्षा थोडी लहान आहे. किती, यावरून दोघांची दरवर्षी हुज्जत होते.

"दोन सूत जादा कापलीस, आरं फुटतील माझं."

"फुटायचं न्हाईत. तुझं लाकूड लई पाणी प्यालंया, वाळल्यावर बघ."

धाव जमिनीवर ठेवून तिच्यावर गोवऱ्यांचं कडं रचतात, मधेमधे बाभळीच्या ढलप्या. पेटवतात. उन्हात जाळ दिसत नाही, नुसती हवा थरथरते. चाक शेजारी दगडांवर आडवं ठेवलंय. तुमच्या हातात पाण्यानं भरलेली घागर दिलीय. सांगितल्याशिवाय ओतायचं नाही.

लोहारकाका वाळल्या गवताची काडी धावेला लावतात. काडी लागल्या लागल्या भुर्र पेटते. "उचला!"

तिघं जण सांडशीत धरून लाल कडं उचलतात, पळत नाहीत, एका पावलानं चालतात. चाकावर आणतात. उष्णतेनं वाढलेलं कडं आता चाकाबाहेर सैल बसतं. घणाचे घाव चारी बाजूंनी. बाभूळ धूर सोडते, कडेनं ज्वाळा निघतात, धुरानं डोळ्यांत पाणी येतं. "पाणी! पाणी ओत!" तुम्ही घागर रिकामी करता, दुसरी घागर, तिसरी. चर्रर्र आवाज आणि वाफेत सगळेच दिसेनासे होतात.

त्या वाफेत तात्या हात वर करतात. सगळे गप्प. लोखंड गार होत आवळत चाललंय, आणि आता एकेक आरा तुंब्यात घट्ट बसणार आहे.

कट्.

थोड्या वेळानं पलीकडं, कट्. तात्या डोळे मिटून बोटं मोजतात. कट्, कट्. अकरा होतात. बारावा येत नाही. लोहारकाकासुद्धा श्वास धरून आहेत. नदीवर कपडे आपटल्याचा आवाज येतोय. मग खालच्या बाजूनं, बारीक, पण स्वच्छ, कट्.

"बसलं," तात्या म्हणतात आणि लोहारकाकांकडं तंबाखूची चंची फेकतात. चाक उभं करून गडगडत सोडतात. ते सरळ जातं, जराही न झोकांडता, उतारावरून पार पाण्याच्या कडेपर्यंत. पोरं मागं ओरडत पळतात. तुम्हीही पळा, तेवढा वेळ आहे.

खड्डा पणतीएवढा. १९४३, रात्र. सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं पत्री सरकार चाललंय. परसदारी न बोलता एक गाडी येऊन थांबते, एक आरा मोडलाय, गाडीत गवताखाली काय आहे ते विचारायचं नाही. सोळा वर्षांचे तात्या कंदिलाभोवती घोंगडं धरून उभे आहेत आणि त्यांचे वडील चाचपत आरा बसवताहेत. गाडीवानानं पैसे काढले तेव्हा वडिलांनी त्याची मूठ मिटली. गाडी गेली. बाप-लेक परत आत येऊन झोपले. एवढंच.

आणि आता हात काढा, कारण ठोकळ्यावर खड्डाच उरलेला नाही. ठोकळाच नाही.

१९३७. माझे पणजोबा पहारीनं जमिनीत खड्डा खणताहेत. चिंचेचा ओंडका शेजारी पडलाय, ताजा कापलेला, माथा गुळगुळीत, मधे गाभ्याचा काळपट डाग. जवळ एक दहा वर्षांचा मुलगा उभा आहे. शाळेतून काल नाव काढलंय. दाखल्यावर गुरुजींनी जन्मतारीख १ जून १९२७ लिहिलीय, गुरुजी सगळ्याच पोरांची १ जून लिहितात. चौथी पुरी व्हायची राहिली. तो रडून बसलाय, गालावर ओघळ वाळलेत.

"किर्लोस्करानं लोखंडाचा नांगुर काढला," पणजोबा खणता खणता सांगतात. किर्लोस्करवाडी इथून फार लांब नाही, १९१० पासून तिथं कारखाना आहे. "तवा माझा बा म्हणला, आता सुतार उपाशी मरतोय. नांगुर गेला. कुळव ऱ्हायला, पाभर ऱ्हायली, गाडी ऱ्हायली. तुला पुरंल."

ओंडका खड्ड्यात उभा करतात. तुम्ही वाकून माती लोटा, मुलगा पायानं दाबतोय. दोन्ही पायांची दहाही बोटं धड आहेत. पणजोबा ठोकळा हलवून बघतात, हलत नाही. मग बाभळीचा एक तुकडा त्यावर ठेवतात आणि वाकस मुलाच्या हातात देतात. त्याला तो उचलतानाच जड होतोय. दांडा नवा आहे, पांढरा.

मुलगा वाकस वर नेतो, डोळे मिटतो आणि हाणतो. लाकूड उडून बाजूला पडतं. चिंचेच्या कोऱ्या माथ्यावर नखाएवढी एक खूण उमटलीय.

"डोळं मिटू नगंस," पणजोबा लाकूड उचलून परत ठेवतात. "पाय मागं घे. हां. आता मार."